प्रोग्रॅम मॅनेजरच्या इंटरव्ह्यूची तयारी : करिअर पुरवणीत यावर कधी लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरची करिअर पुरवणी आमच्याकडे वर्षानुवर्षं येते. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, एमपीएससी, बँकांच्या परीक्षा, कॅम्पस इंटरव्ह्यूला जाताना काय घालावं, सगळं असतं त्यात आणि चांगलं असतं. पण ज्याला नोकरी लागून बारा-पंधरा वर्षं झालीत, घराचा हप्ता चालू आहे, मुलं शाळेत आहेत आणि टीम लीड, प्रोजेक्ट मॅनेजर असं करत करत आता प्रोग्रॅम मॅनेजरच्या (एकमेकांशी जोडलेले अनेक प्रोजेक्ट एकत्र सांभाळणाऱ्याच्या) जागेसाठी इंटरव्ह्यू द्यायचाय, त्या माणसासाठी पुरवणीत काहीच नसतं. पुण्याच्या आयटी भागात, हिंजवडीपासून खराडीपर्यंत, अशी किती माणसं असतील बघा. त्यांनी मग यूट्यूबवर 'टॉप फिफ्टी क्वेश्चन्स' शोधायचे नाहीतर हजारो रुपये भरून कुणाचा तरी वीकेंड क्लास लावायचा, आणि तिथे जे शिकवतात त्याने फायदा सोडा, उलट नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे.

मी आयटीत आहे, पुण्यातच, आणि बरीच वर्षं या जागांच्या इंटरव्ह्यू पॅनेलवर बसते, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय. छापताना कापावं लागलं तर कापा, पण कामाचा हिशोब कसा लिहून काढायचा तो भाग तेवढा ठेवा.

मुख्य म्हणणं आधीच सांगते. लोक या इंटरव्ह्यूचा अभ्यास परीक्षेसारखा करतात, व्याख्या पाठ, फ्रेमवर्क पाठ, उत्तरं पाठ. पॅनेलला हवं असतं ते तुम्ही स्वतः केलेलं काम, तारखा-आकड्यांसकट, आणि त्यात तुम्ही कुठला निर्णय का घेतला ते. हे सगळं तुमच्याकडे असतंच, पण निवांत बसून आठवून कागदावर उतरवलेलं नसतं. तयारी म्हणजे तेवढंच काम, आणि ते दुसरं कुणी करून देऊ शकत नाही.

मागे एक जण आला होता इंटरव्ह्यूला. एका बँकेचं कोअर बँकिंग (खाती, ठेवी, व्याज सांभाळणारं मुख्य सॉफ्टवेअर) जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर न्यायचा प्रोग्रॅम त्याने चालवलेला. पहिली वीस मिनिटं काय बोलला, तर आम्ही जिरा (कामांची नोंद ठेवायचं सॉफ्टवेअर) वापरायचो, दर बुधवारी स्टेटस कॉल असायचा, रेड-अंबर-ग्रीन रिपोर्ट (काम अडचणीत की सुरळीत ते लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात दाखवणारा) स्टिअरिंग कमिटीला (वरिष्ठांच्या देखरेख समितीला) जायचा, स्टेकहोल्डर मॅनेजमेंट (कामाशी संबंध असलेल्या सगळ्यांना सांभाळणं) फार महत्त्वाचं असतं. खोटं काहीच नाही त्यात, पण हे कुणीही सांगेल. माझ्या शेजारच्याने तर पेन खाली ठेवलं होतं. मग मी विचारलं, कटओव्हरच्या (जुनी सिस्टिम बंद करून नवी सुरू करायच्या दिवसाच्या) आदल्या शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही कुठे होतात? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, मॅडम, डेटा सेंटरला. आणि मग जे सुरू झालं ते ऐकण्यासारखं होतं. मॉक रनमध्ये (रंगीत तालमीत) काही शाखांच्या मुदत ठेवींच्या व्याजाची बेरीज दोन्ही सिस्टिममध्ये जुळत नव्हती, फरक रुपयांचा नाही पैशांचा, राउंडिंगमुळे आलेला, व्हेंडर (सिस्टिम पुरवणारी कंपनी) म्हणतोय एवढं चालतं, बँकेचे अकाउंट्सवाले म्हणतायत एक पैसा इकडचा तिकडे चालणार नाही, आणि सोमवारी सकाळी शाखा उघडायच्यात. याने काय केलं, तर ज्या शाखांमध्ये फरक येत होता त्या पहिल्या टप्प्यातून काढल्या, बाकीच्या जाऊ दिल्या, बँकेच्या जनरल मॅनेजरची मंजुरी रात्रीच मेलवर लेखी घेतली कारण तोंडी दिलेला होकार सोमवारी कुणाला आठवत नसतो, आणि काढलेल्या शाखांच्या मॅनेजरना स्वतः फोन करून सांगितलं की तुमचं पुढच्या टप्प्यात. शेजारच्याने पेन पुन्हा उचललं.

आता सांगा, याहून चांगलं उत्तर काय असणार? रिस्क आली, डिसिजन आला, पैसा आला, माणसं सांभाळणं आलं, लेखी पुरावा ठेवणं आलं. आणि हे त्याच्या बायोडाटात एका ओळीतसुद्धा नव्हतं! नंतर त्यानेच सांगितलं की क्लासमध्ये शिकवलं होतं, सिनियर जागेसाठी हाय लेव्हल बोलायचं, डिटेलमध्ये शिरायचं नाही. असं शिकवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. चांगल्या माणसाचं खरं काम झाकून ठेवायला शिकवतात आणि वर त्याचे पैसे घेतात.

पॅनेलच्या बाजूने काय होतं ते कुणी सांगत नाही म्हणून सांगते. बऱ्याच कंपन्यांत इंटरव्ह्यू संपला की पॅनेलवरच्या प्रत्येकाला फॉर्म भरायचा असतो. ओनरशिप, निर्णयक्षमता, रिस्क, लोकांशी वागणूक असे रकाने, प्रत्येकात नुसते मार्क देऊन चालत नाही, कॅंडिडेट काय म्हणाला, कुठलं उदाहरण दिलं ते लिहावं लागतं. तुम्ही तासभर छान बोललात पण त्यात तुमची अशी एकही ठरावीक गोष्ट नाही, तर माझा रकाना रिकामा राहतो, मग मला तुम्ही कितीही आवडलात तरी मी लिहू काय? हुशार माणसं इथे मागे पडतात, आणि त्यांना वाटतं आपलं इंग्रजी कमी पडलं.

दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम मॅनेजर हे नाव एक असलं तरी नोकऱ्या तीन-चार वेगवेगळ्या आहेत, आणि जाहिरात नीट न वाचता लोक एकाच तयारीवर सगळीकडे जातात. सर्व्हिसेस कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे बहुतेक वेळा एका क्लायंटचं सगळं खातं, बिलिंग, मार्जिन, बेंचवर (पगार चालू पण काम नाही अशी) किती माणसं, करार कधी रिन्यू होतोय. तिथे पैशाचे प्रश्न येणारच. प्रॉडक्ट कंपनीत टेक्निकल प्रोग्रॅम मॅनेजर असतो, त्याच्या हाताखाली एकही माणूस नसतो, पाच-सहा टीम्सकडून काम करून घ्यायचं असतं आणि त्यातली एकही टीम त्याला रिपोर्ट करत नाही. परदेशी कंपन्यांची जी स्वतःची सेंटर्स पुण्यात आलीत तिथे अर्धं काम इथल्या आणि तिकडच्या टीममधली गाठ बांधण्यात जातं. मायक्रोसॉफ्टमध्ये हे पद १९८० च्या दशकात एक्सेलच्या कामातून सुरू झालं, आणि तिथे सुरुवातीपासून प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे फीचर कसं असावं हे ठरवणारा माणूस, त्याला आज आपण प्रॉडक्ट मॅनेजर म्हणू. आणि हे फक्त आयटीतच आहे असं नाही, राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापक असतो, तोही प्रोग्रॅम मॅनेजरच. त्याला वार्षिक आराखडा, निधी किती आला किती खर्च झाला, आशाताईंचा मोबदला वेळेत गेला का, हे सगळं बघावं लागतं. त्या इंटरव्ह्यूला जिरा आणि स्प्रिंट (सॉफ्टवेअरच्या कामाचे छोटे टप्पे) सांगून काय उपयोग? तेव्हा जाहिरात समोर ठेवा, पेन्सिल घ्या आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. बजेट सांभाळणे, समन्वय करणे, रोडमॅप ठरवणे, करार करणे, यातलं जे सगळ्यात जास्त वेळा आलंय ती खरी नोकरी, वरचं नाव काहीही असो.

प्रोजेक्ट आणि प्रोग्रॅम यात फरक काय, हा प्रश्न तर येतोच येतो. पुस्तकी उत्तर असं की एकमेकांशी संबंधित प्रोजेक्ट एकत्र चालवल्याने जो फायदा मिळतो तो ते सुटे सुटे चालवून मिळत नाही, म्हणून प्रोग्रॅम. बरोबर आहे, पण हे पाठ म्हटलं की लगेच कळतं. मला विचाराल तर आपल्या मराठी माणसाने कोकण रेल्वे डोळ्यासमोर आणावी. १९९० मध्ये कॉर्पोरेशन स्थापन झालं, ई. श्रीधरन प्रमुख. रोह्यापासून मंगळूरजवळपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर, आणि त्याचे सात विभाग पाडले, महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी, प्रत्येकाला वेगळा चीफ इंजिनियर. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा हा एक प्रोजेक्ट, पानवल नदीवरचा उंच पूल हा दुसरा. पण रत्नागिरीचे बोगदे वेळेत झाले आणि गोव्यातला अडकला तर मुंबईहून मंगळूरला गाडी जाणार नाही ना! आणि झालंही तसंच, पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती, खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळायचं, बाकी मार्ग तयार असूनसुद्धा सलग गाडी सुरू व्हायला जानेवारी १९९८ उजाडला. क्रिटिकल पाथ, म्हणजे जिला उशीर झाला की सगळंच लांबतं ती कामांची साखळी, ती इथे दिसते.

आणि तोपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसले होते का, तर नाही. मंगळूर-उडुपी गाडी मार्च १९९३ मध्ये सुरू झाली, रोहा-वीर त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्ही टोकांकडून जेवढं तयार तेवढं वापरात. आज आयटीत त्याला फेज्ड रोलआउट म्हणतात. पैशाचं बघा, सुरुवातीच्या भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. यातली मजा म्हणजे केरळमध्ये कोकण रेल्वेचा रूळच नाही, तरी केरळ भागीदार, कारण मुंबईहून घरी जायचा रस्ता जवळचा होणार होता मल्याळी माणसाचा. स्टेकहोल्डर कोण हे नकाशावरून ठरत नाही, फायदा कुणाला यावरून ठरतं. गोव्यात मार्ग कुठून न्यायचा यावरून आंदोलन झालं, काम थांबलं, चौकशी समिती बसली. म्हणजे इंजिनियरिंग सगळं जमलं तरी लोकांचं जमवावं लागतं. इंटरव्ह्यूमध्ये कोकण रेल्वे सांगा असं म्हणत नाहीये मी, सांगायचं स्वतःचंच. पण फरक डोक्यात एकदा असा बसला की व्याख्या पाठ करायची गरजच उरत नाही, आपल्या कामातला पेडण्याचा बोगदा कुठला होता तो आपोआप आठवतो.

आता केसचा प्रश्न. तो साधारण असा येतो, तुमचा प्रोग्रॅम लॉंचच्या तीन आठवडे आधी रेडमध्ये गेलाय, काय कराल? दहातले आठ जण लगेच म्हणतात, रोज स्टॅंडअप (उभ्याउभ्या छोटी बैठक) घेईन, वॉर रूम (सगळ्यांना एका खोलीत बसवून काम) करीन, वीकेंडला टीमला बोलवीन. अहो, आधी विचारा तरी की ती तारीख आली कुठून? सरकारने ठरवलेली तारीख आणि मार्केटिंगने ठरवलेली तारीख यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, ती तारीख कुठल्या कंपनीच्या प्रोग्रॅम मॅनेजरच्या हातात नव्हती, तिथे स्कोप (कामाची व्याप्ती) कापायचा, आधी इन्व्हॉइस बरोबर निघू दे, रिपोर्ट नंतर. उलट रिझर्व्ह बँकेच्या कार्ड टोकनायझेशनच्या (दुकानदाराने कार्डाचा खरा नंबर न साठवता सांकेतिक क्रमांक वापरायच्या) नियमाला मुदतवाढ मिळत मिळत शेवटी तो १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाला. ज्यांनी मुदतवाढ मिळेलच असं धरून काम लांबवलं आणि ज्यांनी मिळणार नाही असं धरून काम संपवलं, यांच्यात कोण शहाणा ते ज्याचं त्याने ठरवावं, पण दोघांनीही आपलं गृहीतक लिहून ठेवलं होतं का, हे मी नक्की विचारीन. तेव्हा या प्रश्नावर आधी तीन-चार उलटे प्रश्न विचारा. तारीख कुणाची, उशीर झाला तर नुकसान किती आणि कुणाचं, रेड कशामुळे, माणसं कमी म्हणून की निर्णय अडकलाय म्हणून, आणि कमीत कमी काय दिलं तर चालेल? प्रश्न विचारला की आपल्याला येत नाही असं दिसेल ही भीती काढून टाका डोक्यातून, या नोकरीत प्रश्न विचारण्याचाच पगार मिळतो.

क्रिटिकल पाथवर गणितही घालतात कधी कधी, अवघड नसतं. समजा एपीआय (दोन सॉफ्टवेअरना जोडणारा दुवा) बनवायला ६ आठवडे, त्यानंतर टेस्टिंग ३, त्यानंतर सिक्युरिटी ऑडिट २, म्हणजे ११ आठवडे. याच्या बाजूने ट्रेनिंगचं मटेरियल ४ आठवडे आणि प्रत्यक्ष ट्रेनिंग २, म्हणजे ६. ट्रेनिंगवाला एक आठवडा मागे पडला म्हणून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे ५ आठवडे मोकळे आहेत. एपीआयवाला दोन दिवस मागे पडला तर मात्र त्याच दिवशी जाऊन बसायचं त्याच्याशेजारी. एवढं कागदावर काढून दाखवलंत तरी पुष्कळ झालं.

मग तयारी नक्की कशी करायची. एक वही घ्या, खरी, कागदाची. गेल्या सात-आठ वर्षांतली तुमची कामं आठवा आणि त्यातली सहा-सात निवडा, सगळी यशाची नकोत. एक फसलेलं, एक जिथे वरिष्ठांशी मतभेद झाला, एक जिथे सुरुवातीला काय करायचंय हेच कुणाला माहीत नव्हतं, एक जिथे तुम्ही काहीतरी करायला ठाम नकार दिलात, एक जिथे माणूस सोडून गेला आणि काम अडलं. प्रत्येकासाठी दोन पानं. कधी सुरू झालं, कधी संपायचं होतं, कधी संपलं. किती माणसं, किती टीम्स, व्हेंडर किती. बजेट किती होतं, निदान अंदाजे. मग सगळ्यात महत्त्वाचं, त्या कामातला अडचणीचा दिवस कुठला, त्या दिवशी तुमच्यासमोर पर्याय कोणते होते आणि जो घेतला तो का घेतला, दुसरे का सोडले. हे लिहिताना हात अडखळतो, आठवत नाही, मग जुन्या सहकाऱ्याला फोन करावा लागतो, तो म्हणतो अरे तेव्हा तर आपण असं केलं होतं. ते सगळं करा. ऑफिसची कागदपत्रं, क्लायंटची नावं मात्र बाहेर काढू नका, एक मोठी खासगी बँक म्हटलं तरी पुरतं. क्लायंटचं नाव आणि त्यांचे आतले आकडे भडाभडा सांगणाऱ्या माणसाला मी तरी घेत नाही, उद्या आमचेही सांगेल.

आकड्याबद्दल एक. 'मी डिलिव्हरी टाइम ३० टक्के कमी केला' असं बायोडाटात लिहिलेलं असतं. कशाच्या ३० टक्के? आधी किती होता, नंतर किती झाला, किती महिन्यांचं मोजलंत, आणि त्याच काळात टीमही वाढली होती का? दुसऱ्या प्रश्नालाच गडबड होते. ज्या आकड्यामागची गोष्ट सांगता येत नाही तो आकडा लिहूच नका. त्यापेक्षा 'रिलीज आधी महिन्यातून एकदा व्हायची, सहा महिन्यांनी दर पंधरवड्याला व्हायला लागली' हे कितीतरी चांगलं.

स्टार पद्धत सगळ्यांना माहीत असते, सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. पद्धत चांगली आहे पण लोक सिच्युएशनमध्येच चार मिनिटं घालवतात, कंपनीचा इतिहास, क्लायंटचा इतिहास, आणि अ‍ॅक्शनला आले की दोन वाक्यं. हे उलटं पाहिजे. परिस्थिती तीन वाक्यांत सांगा, पुढचा वेळ सगळा तुम्ही काय केलंत यावर. अ‍ॅमेझॉनसारख्या कंपनीत तर त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या वेबसाइटवर उघड दिलेली आहेत, प्रश्न त्यावरूनच येतात, आणि पॅनेलवर निवडीचा दर्जा घसरू नये म्हणून बार रेझर नावाचा एक माणूस असतो जो त्या टीमचा नसतोच. ती १६ तत्त्वं पाठ करणाऱ्यांपेक्षा आपल्या वहीतली कुठली गोष्ट कुठल्या तत्त्वात बसते एवढं बघून जाणारा बरा.

इंग्रजीचं सांगते, कारण माझं शिक्षण मराठी माध्यमातलं आहे आणि मला हे आतून माहीत आहे. इंटरव्ह्यू इंग्रजीत असतो हे खरं. पण प्रोग्रॅम मॅनेजरच्या जागेला अडतं ते इंग्रजीमुळे नाही, अडतं ते गोष्ट मनात नीट लागलेली नसते म्हणून. तुमचा प्रोग्रॅम आधी मराठीत सांगून बघा, आईला सांगा, बायकोला सांगा, नवऱ्याला सांगा, आयटीतलं नसलेलं कुणीही चालेल. त्यांना कळलं की काय अडलं होतं आणि तुम्ही काय केलंत, की मग तेच साध्या छोट्या वाक्यांत इंग्रजीत सांगा, मोठ्याने, फोनवर रेकॉर्ड करून. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचा आवाज नको वाटतो, तरी ऐका. मनातल्या मनात केलेली तयारी ऐनवेळी तोंडातून बाहेर येत नाही. आणि आपल्याकडे स्वतःचं काम स्वतः सांगणं म्हणजे बढाई असं घरातूनच शिकवलेलं असतं, त्यामुळे टीमने केलं, सगळ्यांनी केलं असंच येतं तोंडात. टीमचं श्रेय टीमला द्याच, पण त्यात तुमचं काम कुठलं होतं हे सांगितलं नाही तर पॅनेलने ते ओळखायचं कसं?

सर्टिफिकेटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे सर्टिफिकेट) करू का? करा, चांगलं आहे, ते देणारी पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) ही संस्था १९६९ पासून आहे. पण त्या परीक्षेला बसायलाच पदवीधर माणसाला प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं, म्हणजे ती अनुभवावर मिळणारी मोहोर आहे, अनुभवाऐवजी मिळणारी नाही. एचआरच्या पहिल्या चाळणीत तिचा उपयोग होतो. पुढे पॅनेलसमोर तुमची वहीच उपयोगी पडते. पैसे कमी असतील तर आधी वही, मग सर्टिफिकेट.

अलीकडे आणखी एक बघतेय आणि त्याने फार वाईट वाटतं. व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू असला की दुसऱ्या स्क्रीनवर एआयने लिहून दिलेलं उत्तर वाचतात. अहो, डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना दिसतात! आणि दिसले नाहीत तरी मी 'मग त्या व्हेंडरने काय म्हटलं?' असं विचारलं की पाच सेकंद शांतता पसरते. ज्याने ते काम केलंय त्याला याचं उत्तर द्यायला एक सेकंद लागत नाही. एआयला प्रश्न विचारायला लावा, सराव करा, त्यात काही गैर नाही, मीही सांगते लोकांना. पण उत्तर तुमचंच पाहिजे. प्रॉक्सी इंटरव्ह्यू (आपल्या जागी दुसऱ्याला बसवणं), खोटा अनुभव विकणारे याबद्दल तर लिहायलाच नको, बॅकग्राउंड चेकमध्ये सापडलं की लागलेली नोकरी जाते आणि नाव खराब होतं ते वेगळंच.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' म्हटलं की 'नो, ऑल क्लिअर' म्हणू नका हो. विचारा, या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले? दोन टीम्सचं जमलं नाही तर अंतिम निर्णय कोण घेतं? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालेलं हवंय? यातल्या दुसऱ्या प्रश्नाला पॅनेलमधले तिघे तीन वेगळी उत्तरं द्यायला लागले, तर ती नोकरी घेण्याआधी चार वेळा विचार करा, कारण तो घोळ उद्या तुमच्या डोक्यावर येणार आहे. पगाराचं आणि नव्वद दिवसांच्या नोटीसचं बोलणं एचआरशी, पॅनेलशी नाही.

मुलांसाठी किंवा घरच्या आजारपणासाठी काही वर्षं थांबून परत येणाऱ्या बायकांसाठी दोन शब्द. बायोडाटात गॅप दिसते म्हणून त्या पहिल्या वाक्यापासूनच माफी मागितल्यासारखं बोलतात. एका वाक्यात सांगा, इतकी वर्षं घरी होते, या कारणासाठी, आता पूर्णवेळ परत येतेय, आणि सरळ तुमच्या कामावर या. आधीचं काम जुनं झालं म्हणून खोटं होत नाही. टूल बदललीत, ती महिन्याभरात शिकता येतात. चिडलेल्या क्लायंटसमोर बसून त्याला खरी तारीख सांगायची धमक दहा वर्षांपूर्वी होती तर आजही आहे. आणि कंपन्यांनाही सांगायला हवं की कॅंडिडेटला पाच-पाच राउंडला बोलवून, त्याच्या सुट्ट्या खर्ची घालून, नंतर एक ओळीचा मेलसुद्धा न पाठवणं हे शोभत नाही. नाही म्हणा, पण म्हणा तरी. का नाही हे दोन वाक्यांत सांगितलंत तर पुढच्या वेळी तो माणूस सुधारून येईल.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच. करिअर पुरवणीत आठवड्यातून नाही तर निदान महिन्यातून अर्धं पान नोकरीच्या मधल्या टप्प्यावरच्या लोकांसाठी ठेवा. क्लासवाल्यांकडून लिहून घेऊ नका, प्रत्यक्ष पॅनेलवर बसणाऱ्यांकडून घ्या, आणि फक्त आयटीचं नको, आरोग्य अभियानातल्या, बांधकामातल्या, मेट्रोच्या कामावरच्या, संस्थांमध्ये ग्रामीण भागातले प्रोग्रॅम चालवणाऱ्या माणसांनाही लिहायला सांगा. एक सदर असंही करता येईल की वाचकाने आपल्या कामाची एक गोष्ट तीनशे शब्दांत लिहून पाठवायची, नावं न देता, आणि पॅनेलवरच्या कुणीतरी त्यात कुठे काय कमी आहे ते खाली लिहायचं. पहिल्या काही गोष्टी वाचून त्यावर लिहायला मी तयार आहे, मानधन नको.

कळावे,
आपली नियमित वाचक, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती, नोकरी चालू आहे.)